गाडी बंद पडलीय आणि लोन अजून तीन वर्षं बाकी आहे, काय करू?

रात्रपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण डोकं चालेनासं झालंय. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड गाडी घेतली, पाच वर्षांचं लोन, आत्तापर्यंत २४ हप्ते भरले, एकही चुकवलेला नाही. परवा ड्यूटीवरून येताना टेंपरेचरचा काटा वर चढला, लाल दिवा पण लागला, पण रात्रीची वेळ, रस्ता सुनसान, थांबायची भीती वाटली म्हणून तशीच पंधरा-वीस मिनिटं दामटली. मग बोनेटमधून वाफ, काहीतरी खडखड आणि बंद. आता स्टार्टर फिरतो पण गाडी पकडत नाही.

टो करून एका गॅरेजला नेली. त्यांनी बोनेट उघडून दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले इंजिन गेलं, पूर्ण बदलावं लागेल. जो आकडा सांगितला तो माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा आहे. एवढे पैसे नाहीत. गाडीशिवाय रात्रपाळी होत नाही, त्या वेळेला दुसरं काही मिळतच नाही.

मला खरंच कळत नाहीये की जी गाडी जागची हलत नाही तिचे हप्ते मी अजून तीन वर्षं का भरायचे. गाडी बँकेला परत करून मोकळं होता येतं का? हप्ते थांबवून ते पैसे दुरुस्तीला वापरले तर? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

पाना_दहाबारा

ताई, सगळ्यात आधी एक काम करा, गॅरेजला फोन करून सांगा की गाडीला पुन्हा स्टार्टर मारू नका आणि काही खोलू पण नका. ओव्हरहीट झालेल्या इंजिनात हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) उडालं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलेंडरमध्ये उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जास्त पाणी साचलेलं असताना सेल मारला तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणजे जे काम हेडपुरतं होतं ते खालच्या इंजिनापर्यंत जातं.

दुसरं म्हणजे, बोनेट उघडून दहा मिनिटांत "इंजिन गेलं" कुणालाच सांगता येत नाही. मी वीस वर्षं हेच काम करतोय, मला पण नाही येत. त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, चेक केलं का? ऑइलची दांडी काढून बघितली का, ऑइल दुधाळ झालंय का, म्हणजे त्यात कूलंट मिसळलंय का? कूलंट किती उरलं होतं? हे विचारून इथे लिहा.

मोकळा_रस्ता

हप्ते थांबवा सरळ. बँकवाले काय करणार, बंद गाडी घेऊन जाणार? नेऊ देत की. भंगार त्यांच्या गळ्यात.

वसुलीखाते

वरचा सल्ला कृपा करून कुणीही ऐकू नका. मी अकरा वर्षं वाहन कर्जाच्या वसुली विभागात काम केलंय, आता सोडलं, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

लोन तुम्ही पैशांचं घेतलंय, गाडी त्याला तारण आहे. गाडी चालते का बंद आहे याचा करारातल्या हप्त्याशी काही संबंध नसतो. हप्ता थांबला की दंड, थकलेल्या रकमेवर व्याज, मग क्रेडिट स्कोअर आणि नंतर जप्ती, हा क्रम ठरलेला आहे. आणि गाडी नेली म्हणजे कर्ज संपलं असंही होत नाही. ती गाडी लिलावात जाते, तिथे चालू गाडीलाच बाजारभाव येत नाही तर बंद गाडीला काय येणार. जे येतात त्यातून आधी टोइंग, पार्किंग, लिलावाचा खर्च कापतात, उरलेले तुमच्या खात्यात वळते होतात आणि बाकीची तूट तुमच्याकडेच मागतात. म्हणजे गाडी नाही, पण कर्ज आहे. अशी माणसं मी रोज बघितलीयेत, त्यांच्याशी बोलताना मला वाईट वाटायचं कारण बहुतेकांना हे कुणी आधी सांगितलेलंच नसायचं.

स्वतःहून गाडी आणून दिली तर एवढाच फरक पडतो की जप्तीचा खर्च वाचतो आणि मनस्ताप थोडा कमी. तूट सुटत नाही.

ताई एक विचारतो, लोनला जामीनदार आहे का कुणी?

रात्रपाळी

हो, धाकटा भाऊ आहे जामीन. त्याचं याच वर्षी घराचं लोन करायचं चाललंय.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वसुलीखाते

मग तर एकही हप्ता चुकवू नका. तुमचा हप्ता थकला की मागणी त्याच्याकडेही जाते, आणि त्याच्या घराच्या फाइलमध्ये हे दिसू शकतं. भावाला आजच सांगून ठेवा, त्याला बँकेच्या फोनवरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

आणि बँकेशी बोला, पण पुढचा हप्ता यायच्या आधी. हे फार महत्त्वाचं आहे. ज्याने आजवर एकही हप्ता चुकवला नाही तो माणूस आधी येऊन अडचण सांगतो तेव्हा त्याच्यासाठी काहीतरी करता येतं, हप्त्याची तारीख पुढे ढकलणं, मुदत वाढवून हप्ता लहान करणं, दोन-तीन महिने सवलत. तोच माणूस दोन हप्ते थकल्यावर आला की त्याची फाइल वेगळ्या टेबलावर गेलेली असते आणि त्या टेबलावरच्या माणसाला सवलत द्यायचे अधिकार नसतात. नुसता फोन करू नका, ईमेल करा, काय ठरलं ते लेखी मागा. आणि लेखी येईपर्यंत हप्ता भरत राहा, "साहेब हो म्हणाले" यावर थांबवू नका.

सवलत फुकट नसते हेही लक्षात घ्या. दहा टक्के व्याज धरलं तर तीन महिने थांबल्यावर शिल्लक रकमेवर साधारण अडीच टक्के चढतात. पण दुरुस्तीला हातात पैसा हवा असेल तर हा खर्च बऱ्याचदा परवडतो, क्रेडिट कार्डापेक्षा तर नक्कीच.

सोडून_दिली

मी गाडी परत दिलेला माणूस आहे. माझा गिअरबॉक्स गेला होता, ऑटोमॅटिक. रागाच्या भरात किल्ली टेबलावर ठेवून आलो आणि घरी येऊन शांत झोपलो, वाटलं सुटलो. चार महिन्यांनी पत्र आलं. लिलावात आलेली रक्कम बघून मी तिथेच खाली बसलो. पुढची अडीच वर्षं मी नसलेल्या गाडीचे पैसे भरले. तेवढ्या काळात बस बदलत बदलत कामावर जायचो आणि रस्त्यात माझ्यासारखी गाडी दिसली की मान दुसरीकडे वळवायचो.

नंतर एका गिअरबॉक्सवाल्याशी बोलणं झालं, त्याने लक्षणं ऐकून सांगितलं की बहुतेक नुसती व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलायला ऑइलचा दाब नियंत्रित करणारा भाग) गेली असणार, अख्खा बॉक्स नाही. खरंखोटं आता कळायचा मार्ग नाही. ताई, तुम्ही निदान दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय काही ठरवू नका एवढंच सांगायला लॉगिन केलंय.

परदेशस्थ_२

थोडी भर. हे देशानुसार आणि करारानुसार बदलतं. ब्रिटनमध्ये हायर पर्चेसच्या (सगळे हप्ते फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची) करारात एकूण देय रकमेच्या निम्मे पैसे भरून झाले असले की गाडी परत देऊन बाहेर पडता येतं, १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यात तशी तरतूद आहे. पण तिथेही गाडीची नीट काळजी घेतलेली असावी लागते, इंजिन जळलेली गाडी दिली तर नुकसानीचे पैसे मागतात. आणि हे साध्या पर्सनल लोनला लागू नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपला करार काढून वाचावा, परतफेड, मुदतपूर्व बंद करणं आणि जप्ती ही तीन कलमं तरी.

जमाखर्च

मी आकड्यांचा माणूस आहे, त्यामुळे आकड्यांनीच लिहितो. रक्कम नको, लोन १०० धरू.

पाच वर्षं, दहा टक्के, २४ हप्ते झाले तर अजून साधारण ६६ बाकी असतात. लोकांना वाटतं ४० टक्के काळ गेला म्हणजे ४० टक्के फिटलं, तसं होत नाही, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, पहिल्या हप्त्यात तर जवळपास ३९ टक्के व्याजच असतं. तेच लोन सात वर्षांचं असतं तर दोन वर्षांनी ७८ बाकी राहिले असते. गाडीची किंमत मात्र त्या काळात भराभर उतरते, म्हणून मधली काही वर्षं अशी येतात की गाडी विकून लोन फिटत नाही. ताई बहुधा तिथेच आहेत.

आता मुख्य मुद्दा. मी हे बऱ्याच लोकांना समजावून बघितलंय आणि दर वेळी लोक इथेच अडखळतात. समजा बाकी ६६, गाडी चालू स्थितीत ५० ला जाते, बंद स्थितीत २० ला, आणि दुरुस्तीला २२ लागतात. आहे तशी विकली तर २० येतात, ४६ खिशातून घालून लोन बंद, हातात गाडी नाही. दुरुस्त करून विकली तर ५० येतात, लोनचे १६ आणि दुरुस्तीचे २२ मिळून ३८ खिशातून. म्हणजे विकायचीच असली तरी दुरुस्त करून विकण्यात ८ वाचले. आणि ठेवायची असेल तर २२ मध्ये तुमची चालू गाडी परत.

यात बघा, ६६ हा आकडा दोन्हीकडे तसाच आहे. ३० असता किंवा ९० असता तरी ८ चा फरक ८ च राहिला असता. दुरुस्ती करायची का नाही हे ठरवताना लोन किती बाकी आहे हे बघायचंच नाही. बघायचं एवढंच, की दुरुस्तीने गाडीची किंमत किती वाढते आणि दुरुस्तीला किती लागतात. "एवढं कर्ज आहे, त्यात आणखी कुठे पैसे घालू" हा विचार मनात येतो, अगदी साहजिक आहे, पण हिशोबात तो चुकीच्या जागी बसतो. कर्ज फेडायचं कसं हा प्रश्न वेगळा, तो वसुलीखाते यांनी सांगितलाय तसा सोडवा.

दुरुस्ती ३५ असती तर मात्र थांबून विचार करावा लागला असता. विकायची म्हणून दुरुस्त करणं तोट्याचं. पण ठेवायची असेल तर बंद गाडीचे २० आणि दुरुस्तीचे ३५, म्हणजे ५५ घालून ५० ची गाडी घेतल्यासारखं आहे, आणि त्या ५ मध्ये तुम्हाला तिचा सगळा इतिहास माहीत असतो. बाजारातून ५० ची दुसरी आणली तर तिच्या पोटात काय आहे कुणाला माहीत. इथे मी कुणाला सरळ उत्तर देणार नाही.

ताई, म्हणून तुम्हाला तीन आकडे लागतील. बँकेकडून आजच्या तारखेला लोन बंद करायची रक्कम लेखी, मुदतपूर्व शुल्कासकट. गाडी बंद स्थितीत कितीला जाते, दोन-तीन ठिकाणी विचारून. आणि दुरुस्तीचा खरा आकडा. हा तिसरा सध्या तुमच्याकडे नाहीच आहे, जो आहे तो अंदाज आहे.

मोकळा_रस्ता

बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. जामीनदाराचा विचारच केला नव्हता. सॉरी ताई.

कव्हरनोट

इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही म्हणून. सर्वसाधारण मोटार पॉलिसी अपघात, चोरी, आग यांसाठी असते, यांत्रिक बिघाड त्यात नसतो. इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर कागद बघा, पण काटा लाल झाल्यावर गाडी चालवत राहिल्याने झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. म्हणून क्लेम करताना जे घडलं तेच सांगा, लपवलं आणि तपासात निघालं तर सगळंच जातं. लोनसोबत विकलेला विमा असतो तो सहसा कर्जदाराचा मृत्यू, अपंगत्व, काही वेळा नोकरी जाणं यासाठी, गाडी बिघडण्यासाठी नाही. गॅप कव्हर म्हणतात (विम्याची रक्कम आणि लोनची बाकी यातला फरक भरणारं) तेही चोरी किंवा टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली, एवढ्यापुरतंच.

आणि गाडी बंद आहे म्हणून पॉलिसी बंद करू नका. लोन असेपर्यंत पूर्ण विमा चालू ठेवणं बहुतेक करारांत बंधनकारक असतं.

एक गोष्ट मात्र करून बघण्यासारखी आहे, १७ अक्षरी चासी नंबर टाकून उत्पादकाकडे तुमच्या गाडीवर काही रिकॉल (दोष निघाल्यामुळे कंपनीने गाड्या फुकट दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का विचारा. रिकॉलचं काम सेकंड हँड मालकालाही लागू असतं. वॉरंटी संपलेली असली तरी ओळखीचा दोष असेल तर कधीकधी कंपनी खर्चात वाटा उचलते, सर्व्हिसची बिलं जपलेली असली तर.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून चार वेळा धागा वाचला.

गॅरेजवाल्यांना विचारलं, कॉम्प्रेशन चेक केलेलं नाही. दांडीवरचं ऑइल दुधाळ नाही म्हणाले. कूलंटची टाकी पूर्ण रिकामी होती. रिकॉल काही नाही. भावाला सांगितलं, तो चिडला नाही, उलट म्हणाला इतके दिवस एकटी का घोळत बसलीस. बँकेला ईमेल केलाय.

पाना_दहाबारा

ऑइल दुधाळ नाही ही चांगली बातमी आहे, पूर्ण सुटका नाही पण चांगली. आता गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या आणि सांगा की आधी निदान करा, त्याचे वेगळे पैसे देते, त्यानंतरच पुढचं ठरवू. निदानाचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात, पण ज्याला निदानाचेच पैसे मिळालेत त्याला इंजिन विकायची घाई नसते.

काय काय करायचं ते सांगतो म्हणजे तुम्हाला विचारता येईल. प्लग काढून आधी सिलेंडरमध्ये पाणी आहे का बघायचं. मग कॉम्प्रेशन, धडधाकट पेट्रोल इंजिनाला साधारण १० ते १३ बार मिळतं, आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक बघायचा, शेजारशेजारचे दोन पडलेले असतील तर त्यांच्या मधोमध गॅस्केट उडालंय. मग निळ्या पाण्याची टेस्ट, रेडिएटरच्या तोंडावर धरायची, जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळं पिवळं होतं, पण त्यासाठी इंजिन चालू करावं लागतं, तुमचं होतंय का बघू. मग सिस्टिमला हाताने प्रेशर देऊन कूलंट नेमकं कुठून गेलं ते शोधायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. टाकी रिकामी झाली म्हणजे कुठूनतरी गळत होतं, पाइप, क्लॅम्प, वॉटर पंप, रेडिएटर, काहीतरी. ते कारण न शोधता नवीन इंजिन बसवलं असतं तर नवीन इंजिनही जळलं असतं.

खडखड आली होती म्हणालात त्याची मला काळजी आहे. खालून जड ठोक असेल तर इंजिनाच्या खालच्या भागातलं बेअरिंग गेलंय, मग खर्च मोठा. ऑइल फिल्टर कापून आत चमकणारे कण (बेअरिंग झिजल्याची खूण) आहेत का बघायला सांगा.

स्कॅनर लावून कोड आला की लोक लगेच तो पार्ट बदलतात, तसं होऊ देऊ नका. पी०२१७ म्हणजे इंजिन तापलं एवढंच, का तापलं ते कोड सांगत नाही.

सोडून_दिली

पहिल्या गॅरेजमधून गाडी काढताना पार्किंगचे पैसे किती लागलेत ते विचारून घ्या, काही ठिकाणी रोजचं भाडं लावतात. आणि काढायच्या आधी आतल्या वस्तू, स्टेपनी, बॅटरी सगळं बघून फोटो काढा.

रात्रपाळी

आठ दिवसांनी अपडेट देतेय, उशीर झाला.

दुसऱ्या गॅरेजने दोन दिवस घेतले. खालच्या एका होज पाइपचा क्लॅम्प गंजून सैल झाला होता, तिथून कूलंट गेलं. हेड गॅस्केट दोन आणि तीन नंबर सिलेंडरच्या मध्ये उडालंय. फिल्टरमध्ये कण नाहीत. खडखड बहुतेक इंजिन जास्त तापल्यामुळे नॉकिंगची (सिलेंडरमध्ये इंधन अवेळी पेटल्याचा आवाज) होती असं ते म्हणाले. हेड काढून पट्टी लावून बघितलं तर वाकलंय, पण लेथवर प्लेन करून चालेल इतकंच. एकूण खर्च पहिल्या गॅरेजच्या आकड्याच्या एक चतुर्थांशच्या आसपास.

मला रडूच आलं त्यांच्यासमोर. आठ दिवस मी मनात गाडी परत देऊन टाकली होती.

बँकेने दोन हप्त्यांची सवलत लेखी दिलीय, मुदत तेवढी वाढणार आणि वर थोडं व्याज. त्या दोन हप्त्यांत दुरुस्तीचे निम्म्याहून जास्त निघतायत, बाकीचे भाऊ देतोय, त्याला दर महिन्याला परत करणार आहे. जमाखर्च यांच्या पद्धतीने मांडून बघितलं, शंकाच उरली नाही.

पाना_दहाबारा

वा ताई, बरं वाटलं वाचून. आता त्यांना दोन गोष्टी सांगा. हेड बोल्ट नवीनच घालायचे, हल्लीच्या बहुतेक इंजिनांचे बोल्ट कसताना ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात, वाचवायला जाऊन सगळं काम पुन्हा करावं लागतं. आणि हेड प्लेन करायच्या आधी त्याची क्रॅक टेस्ट करून घ्यायची, चीर असेल तर प्लेन करून उपयोग नाही. टायमिंग बेल्ट निघालेलाच असणार, तो आणि वॉटर पंप आत्ताच बदला, मजुरी एकदाच पडते. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि पुन्हा हेडच काढावं लागतं. जुने पार्ट परत मागून घ्या.

वसुलीखाते

सवलतीचं पत्र जपून ठेवा आणि त्या दोन महिन्यांत ऑटो डेबिट खरंच थांबलंय का ते खात्यात बघा. एका विभागाने पत्र दिलेलं असतं आणि सिस्टिम पैसे ओढायला जाते, हप्ता बाउन्स झाला तर दंड लागतो, मग तो काढून घ्यायला खेटे.

रात्रपाळी

काल गाडी घरी आणली. बोल्ट नवीन, बेल्ट आणि पंपही बदलला, जुने पार्ट डिकीत एका पिशवीत आहेत. ऑटो डेबिटसाठी बँकेत स्वतः जाऊन आले, त्यांच्याकडे खरंच चालू दिसत होतं, समोर बसून बंद करून घेतलं. थँक्यू वसुलीखाते.

पाना दादा, एकच विचारायचं होतं. आज सकाळी थंड इंजिनवर टाकी बघितली तर कूलंट वरच्या रेषेपासून बोटभर खाली आहे. काल रात्री ड्यूटीला जाऊन आले, काटा मध्यावरच होता. घाबरू का?

पाना_दहाबारा

नको. नवीन भरलेल्या सिस्टिममध्ये हवा अडकलेली असते, ती निघाली की पातळी उतरते. तोच कूलंट घालून रेषेपर्यंत आणा, साधं पाणी नको, आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही, आत प्रेशर असतं. तीन-चार दिवस रोज सकाळी बघा. एकदा-दोनदा उतरून थांबली तर झालं. रोज उतरत राहिली तर गाडी न चालवता त्यांना बोलवा, आणि आता काटा मध्याच्या वर गेला तर रस्ता कुठलाही असो, बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दरवाजे लॉक करून आत बसा आणि भावाला फोन लावा.

रात्रपाळी

घातलं कूलंट. भावाचा नंबर स्पीड डायलवर टाकलाय. परवा सकाळी पुन्हा बघून सांगते.

रात्रपाळी

तिसरा दिवस, पातळी रेषेवरच आहे.